देवास, वळिवडे आणि न्यूरेम्बर्ग

धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने. त्यांचा इतिहास आपणा माळव्यातील मराठीजनांस घरचा वाटतो. देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शहाजी महाराज झाले, हे अनेकांस ठाऊक आहे. त्या वेळी कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. न्यूरेम्बर्गच्या खटल्यांविषयी वाचताना मला ही वसाहत वारंवार आठवली. त्याचे कारण येथे मांडतो.

वळिवड्यात बहुतांश स्त्रिया व मुले होती. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील तीन लाखांहून अधिक नागरिकांना घरांतून उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात नेले आणि जंगलतोडीस व शेतकामास जुंपले. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली. १९४२ मध्ये हजारो लोक इराणच्या किनाऱ्यावर उतरले. उपासमार, टायफस व आमांश यांनी वाटेत व तेथे पोचल्यावरही अनेकांचा बळी घेतला. वाचलेल्यांपैकी काहींना जामनगरजवळ बालाचडी येथे आणि १९४३ पासून वळिवडे येथे आसरा मिळाला. वळिवड्याची वसाहत १९४८ पर्यंत टिकली.

त्याच काळात न्यूरेम्बर्ग येथे न्यायासन बसले होते. त्याच्या सनदेतील सहाव्या कलमाने गुलामीच्या कामासाठी केलेली हद्दपारी हा युद्धगुन्हा ठरविला. पन्नास लाखांवर परदेशी कामगार जर्मनीत आणणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख फ्रिट्झ झाउकेल यास १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फाशी झाली. पुढे एसएसच्या वंश व वसाहत कार्यालयाशी संबंधित १४ आरोपींवर अमेरिकन न्यायाधिकरणात खटला चालला. पोलिश कुटुंबांना हुसकून तेथे जर्मनांना वसविणे, मुले पळविणे, सक्तीची मजुरी असे आरोप त्यांत होते. १० मार्च १९४८ रोजी निकाल लागला आणि प्रमुख आरोपी उलरिख ग्रायफेल्ट यास जन्मठेप झाली.

आम्हा डॉक्टरांनी एक पुरावा विशेष लक्षात ठेवावा. क्रुप कारखान्याच्या कामगार-छावण्यांचे मुख्य डॉक्टर विल्हेल्म येगर यांचे प्रतिज्ञापत्र न्यूरेम्बर्गच्या मुख्य खटल्यात वाचले गेले. अपुरे अन्न, अनवाणी पाय, टायफसची साथ, औषधांचा तुटवडा हे सारे त्यात नोंदविले होते. दवाखान्यात रोज दिसणाऱ्या गोष्टीच तेथे साक्ष ठरल्या.

वळिवड्याच्या मुलांना असे न्यायालय लाभले नाही. ज्या राजवटीने त्यांना हद्दपार केले, तिचाच न्यायाधीश न्यूरेम्बर्गच्या मुख्य न्यायासनावर बसला होता. टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये आपल्या भिन्नमतपत्रात जेत्यांच्या अशा न्यायावर कठोर आक्षेप घेतला व सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो, निष्कर्ष मात्र पटत नाही. एका अपराध्याची चौकशी झाली नाही, म्हणून दुसऱ्याचा अपराध पुसला जात नाही. १९९८ च्या रोम संविधीने हद्दपारी व गुलामगिरी हे शांतताकाळातही मानवतेविरुद्धचे गुन्हे मानले, ही न्यूरेम्बर्गची खरी मिळकत होय. मात्र भारत त्या संविधीत सहभागी नाही.

आपल्या देशात वेठबिगारीविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. तथापि कायद्यालाही पुरावा लागतो. उसनवारीपायी अडकलेला, गावातून उठलेला मजूर प्रथम पोलिसांकडे जाईलच असे नाही. तापाने फणफणला, की तो आपल्याकडे येतो. त्याच्या केसपेपरवर औषधाबरोबरच तो कोठून आला, काय काम करतो, किती दिवस उपाशी होता, हेही तारखेसह लिहावे. न्यायालय कधी बसेल, हे आपल्या हाती नाही. ते बसेल तेव्हा नोंद असावी, एवढे आपल्या हाती आहे.