नैनितालला जाण्याआधी पायऱ्या विचारा

नैनितालमधलं हॉटेल ठरवताना फोनवर दोन प्रश्न आधी विचारा. गाडी लावायची जागा हॉटेलच्या स्वतःच्या आवारात आहे का, आणि रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती आहेत. खोलीतून तलाव दिसतो का, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.

दिल्ली-नोएडाकडे राहणारी आम्ही मराठी माणसं जून लागला की एकमेकांना सहज सांगतो, "या शनिवारी नैनिताल करून या." पुण्यात लोक महाबळेश्वरचं सांगतात तसंच. पण महाबळेश्वर पठारावर आहे आणि नैनिताल डोंगरांच्या वाटीत. तळाशी तलाव, काठाने मॉल रोड हा एकच मुख्य रस्ता, आणि उरलेलं सगळं गाव उतारावर चढलेलं. तलावच 1,938 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ 600 मीटर उंच. आईवडील आणि लहान मुलं घेऊन दोन दिवसांत जाऊन येणाऱ्या कुटुंबाची सहल हा रस्ता आणि या पायऱ्याच ठरवतात.

गेल्या जूनमध्ये सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, गुडघेही दुखतात. दिल्लीच्या उकाड्याने त्या हैराण झालेल्या. शनिवारी पहाटे आम्ही गाडी काढली. मुरादाबाद, काशीपूर, बाजपूर करत दुपारी कालाढुंगी गाठली. इथून नैनिताल साधारण तीस किलोमीटर. हॉटेलवर फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "जेवण तयार आहे, पार्किंगची काळजी करू नका." घाट चढून उजवीकडे खाली खुर्पाताल दिसू लागला तेव्हा आईंनी घड्याळ पाहिलं आणि सुई टोचून घेतली. अर्ध्या तासात पान मांडलं जाणार, असा हिशेब. पुढच्याच वळणावर गाड्यांची रांग लागली होती आणि ती हलत नव्हती.

तास उलटून गेला. धाकटीला गाडी लागली म्हणून मी तिला घेऊन खाली उतरले होते. परत आले तेव्हा आई खिडकीला डोकं टेकून गप्प बसलेल्या. एसी चालू असूनही ब्लाउज घामाने भिजलेला. "अगं, हात बघ कसे थरथरतायत माझे," एवढं म्हणाल्या, तेही अडखळत. साखर मोजायचं यंत्र डिकीतल्या बॅगेत, बॅगेवर बाकीचं सामान. नवरा ते उपसेपर्यंत मी मुलांचं आंब्याच्या रसाचं खोकं त्यांच्या तोंडाशी धरलं. यंत्रावर आकडा आला 54. सत्तरच्या खाली गेला की धोका सुरू होतो, हे मधुमेह असलेल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. रस्त्याकडेला मॅगी विकणाऱ्या बाईने आमची धावपळ पाहिली. काही न विचारता तिने कपात तीन चमचे साखर घालून गरम चहा आणला, आईंना "आमा, पी लो" म्हणत स्वतःच्या हाताने पाजला आणि पदराने त्यांचा घाम पुसला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर आला होता. मग तिच्याकडचेच आलू के गुटके आणि रोटी आईंनी खाल्ली. त्या बाईने चहाचे पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत.

म्हणून मधुमेहाचं माणूस बरोबर असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जेवणाबरोबरचं इन्सुलिन घाटात कधीही अंदाजाने घेऊ नका; ताट समोर आलं की मगच घ्या. प्रवासातल्या वेळा कशा सांभाळायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोज पावडर आणि बिस्किटं त्या व्यक्तीच्या मांडीवरच्या पिशवीत हवीत. इन्सुलिन मात्र उन्हात तापणाऱ्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको, थंड राहणाऱ्या पाकिटात ठेवा. साखर उतरली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरल्यावर पोटभर खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. नैनितालमध्ये मल्लीतालला, म्हणजे तलावाच्या वरच्या टोकाला, बी. डी. पांडे जिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी खाली हल्द्वानीला जावं लागतं. निघण्याआधी हे नकाशावर पाहून ठेवा.

पुढे नारायणनगरला पोलिसांनी गाडी थांबवली. हॉटेलच्या पार्किंगचा पुरावा दाखवा म्हणाले. आमच्याकडे नुसता तोंडी शब्द होता. हॉटेलवाल्याला फोन लावला तर "आज जरा भरलंय, बघतो" यापलीकडे त्याला काही सांगता येईना. गाडी तिथेच लावून आम्ही शटलने गावात गेलो. गर्दीच्या दिवसांत हल्द्वानीकडून येणाऱ्यांच्या गाड्याही अशाच रूसी बायपासला थांबवतात. हॉटेल मल्लीतालच्या वर होतं. तलाव सुंदर दिसत होता, कारण खोली उंचावर होती, आणि ती उंची आईंना दगडी पायऱ्यांनी चढावी लागली. मजुराच्या खांद्यावर हात ठेवून, दर वळणावर बसत त्या वर पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्याच नाहीत. तलावाकाठी फिरायला आलेल्या आईंनी तलाव पाहिला तो खिडकीतूनच.

त्या हॉटेलने पार्किंगबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं, आणि त्याचा राग मला आजही आहे. पोलिसांच्या अडथळ्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. या गावाला रुंद व्हायला जागाच नाही. 18 सप्टेंबर 1880 ला मुसळधार पावसात इथला उतार कोसळला आणि 151 माणसं गेली. नैनादेवीचं जुनं देऊळही त्यात गाडलं गेलं. मल्लीतालच्या ज्या मैदानावर आज मुलं क्रिकेट खेळतात, त्याच्या खाली त्या दरडीची माती आहे. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरउतारांवर नाल्यांचं जाळं बांधलं. गाव आजही त्या नाल्यांच्याच भरवशावर उभं आहे. ऑगस्ट 2018 मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तलावात खचला. आणि गाव पाणी पितं ते याच तलावाचं. उन्हाळ्यात पातळी उतरते, नेमक्या त्याच दिवसांत आपण सगळे तिथे जाऊन बादल्या भरतो. अशा ठिकाणी प्रत्येक कुटुंबाने आपली गाडी तलावापर्यंत न्यायचा हट्ट का धरावा?

खरं तर तिथे गाडी लागतच नाही. तल्लीताल ते मल्लीताल हा मॉल रोड दीडेक किलोमीटरचा, सपाट. दमलेल्यांना रिक्षा मिळते. पलीकडच्या काठाची ठंडी सडक तर आणखी छान, झाडांच्या सावलीची आणि वाहनांविना. मी रविवारी सकाळी सहाला मुलांना घेऊन तिथून चालले. पाण्यावर डोंगराची सावली हिरवीगार पडलेली, पाषाणदेवीच्या देवळातली घंटा ऐकू येत होती, आणि होड्या अजून काठालाच बांधलेल्या होत्या. आठनंतर हीच जागा वेगळी होते. नावेत बसायचं तर पहाटेनंतर लगेच बसा, आणि अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मुलांना पाय ठेवू देऊ नका. जूनमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो.

दिवस निवडताना पंचांग उघडाच. ज्येष्ठ शुद्ध दशमीला गंगा दशहरा असतो; त्या दिवसांत गढमुक्तेश्वरला गंगास्नानासाठी लोटणाऱ्या गर्दीने दिल्ली-मुरादाबाद महामार्ग तुंबतो. 15 जूनला नैनितालजवळ कैंचीधामचा मेळा भरतो, तेव्हा भवालीच्या बाजूला जाऊ नका. उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्याबरोबर कावडयात्रेमुळे रस्ते वळवले जातात. पावसाळ्यात तर दरडींमुळे मी म्हाताऱ्या माणसांना घेऊन या डोंगरात जाणारच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये पाऊस संपला असं वाटत असताना दोन दिवस असा कोसळला की नैनितालचे रस्ते तुटले आणि तलावाचं पाणी मॉल रोडवर आलं. मला विचाराल तर नोव्हेंबरचे आठवड्यातले दिवस सगळ्यात चांगले. मुलांच्या शाळेच्या दोन दिवसांच्या रजेने फार काही बिघडत नाही.

गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर मुक्काम भीमतालला करा. उंची महाबळेश्वरएवढी, तलाव मोठा, आणि काठालगत सपाट रस्त्यावर राहायची सोय मिळते. तिथून एका सकाळी टॅक्सीने नैनिताल पाहून दुपारच्या आत परत येता येतं. हॉटेलकडून पार्किंगची आणि पायऱ्यांची माहिती लेखी मागून घ्या, मेसेजवर चालेल. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे पैसे भरू नका.

आणि स्वतःची गाडी शक्यतो घरीच ठेवा. जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला पोहोचवते, नवी दिल्लीहून सकाळची शताब्दी दुपारच्या आत. तिथून नैनिताल 35 किलोमीटर; स्टेशनबाहेर टॅक्सी आणि केमूच्या (कुमाऊँ मोटर ओनर्स युनियनच्या) बस उभ्या असतात. या गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मे-जूनच्या शुक्रवारची तिकिटं फार लवकर संपतात.