मानसशास्त्र घेऊन पोरगी काय करणार? संशोधनासह पदवीविषयी थोडं सविस्तर



बारावीचा निकाल लागला की आपल्या नांदेड-लातूर भागात दोनच प्रश्न विचारले जातात. नीटला किती आणि सीईटीला किती. विष्णुपुरी म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एसजीजीएस अभियांत्रिकी उभं राहतं. त्याच विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच त्याची स्थापना झाली. तिथल्या किंवा त्याच्याशी संलग्न महाविद्यालयातल्या मानसशास्त्राकडं एखादी हुशार मुलगी वळली, की घरात शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतंच, "हे घेऊन काय करणार?"

प्रश्न वाईट नाही. पण उत्तर देणारेही बऱ्याचदा चुकीचं उत्तर देतात. "समुपदेशन केंद्र टाकता येतं" असं सर्रास सांगितलं जातं. पालकांनो, बी.ए. मानसशास्त्र झालं म्हणजे कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढं भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडं नोंदणी लागते. पदवीवर पाटी लावून लोकांच्या मनावर उपचार करणं हा खेळ नाही. मनातलं ओळखणं, संमोहन वगैरे तर सोडूनच द्या.

मग या पदवीत शिकवतात काय? खरं सांगायचं तर मोजायला शिकवतात. आठवण, लक्ष, भीती, शिकण्याचा वेग या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या मोजायच्या कशा आणि मोजलेल्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा या विषयाचा कणा आहे. जर्मनीत लाइपझिग इथं विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला असं मानतात. आपण डी.एड.ला थॉर्नडाइकची मांजर आणि पावलॉवचा कुत्रा पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. मांजर पेटीतून किती सेकंदांत बाहेर पडली याची नोंद थॉर्नडाइकनं प्रत्येक वेळी का ठेवली, हे कुणी फारसं सांगितलं नाही. खरा विषय तिथंच होता!

आता नवीन काय झालंय ते बघू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी चार वर्षांची करता येते. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. तीन वर्षं करून नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' निवडता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात त्यातले १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाला दिलेत. म्हणजे मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची, प्रबंध लिहायचा. चार वर्षांनंतर एम.ए. एका वर्षाचं होतं. ७५ टक्के असतील तर नेट परीक्षेला बसून थेट पीएच.डी.कडं जायची वाटही २०२४ मध्ये मोकळी झाली. संलग्न महाविद्यालयांत २०२४ ला आलेली पहिली तुकडी चौथ्या वर्षाला पोहोचेल २०२७ मध्ये, तेव्हा निर्णय घ्यायला अजून उशीर झालेला नाही.

हे झाले नियम. पण "स्वतःचा एक प्रश्न" म्हणजे नेमकं काय, ते आपल्याच वर्गातल्या उदाहरणानं सांगतो, कारण तिथंच या पदवीची खरी किंमत कळते.

दुसरीच्या वर्गात फळ्याकडं पाठ करून 'त्रेपन्न' म्हणा. काही लेकरं ३५ लिहितील. आपण म्हणतो, लक्ष नाही. पण शब्द नीट ऐका. 'त्रे' आधी येतो, 'पन्न' नंतर. लेकरू ऐकलं तसं लिहितंय! मराठीत एकक आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं. 'एकोणचाळीस' तर त्याहून अवघड. कानावर चाळीस पडतं आणि लिहायचे असतात ३९. बरीच लेकरं ४९ लिहून मोकळी होतात.

आठवतंय ना, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता? डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली, विरोधही जोरात झाला, विषय विधानसभेतही गेला. भाषा बिघडेल, संस्कृती जाईल, पोरं आळशी होतील, असं बरंच काही बोललं गेलं. माझ्या मते मूळ प्रश्न मोजून सुटण्यासारखा होता. किती लेकरं उलटं लिहितात, कोणत्या संख्यांना लिहितात आणि शब्द बदलले तर फरक पडतो का? जर्मन भाषेतही आपल्यासारखं एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी साधारण निम्म्या या अदलाबदलीशी संबंधित निघाल्या.

आणि आता आपला नांदेड जिल्हा बघा. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही सगळी तेलंगणाची सीमा. घरात तेलुगू आणि शाळा मराठी अशी लेकरं तिथल्या शिक्षकांना नवीन नाहीत. तेलुगूत ५३ ला 'याभै मूडु' म्हणतात, म्हणजे पन्नास-तीन, दशक आधी! एकाच लेकराच्या डोक्यात दोन उलट्या पद्धती. असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला सहजासहजी सुचायचा नाही. विष्णुपुरीत शिकणाऱ्या बिलोलीच्या मुलीला सुचू शकतो.

समजा तिनं तो घेतला. तेलुगू घरांतली लेकरं एकीकडं, मराठी घरांतली दुसरीकडं, दोघांच्या चुका मोजल्या, झालं? नाही. तेलुगू घरातलं लेकरू मराठीच नवीन शिकत असेल. घरची परिस्थिती वेगळी असेल, आईवडिलांचं शिक्षण वेगळं असेल. फरक आला तरी तो कशामुळं आला ते कळणार नाही. म्हणून ती एकाच लेकराला दोन्ही भाषांत संख्या सांगेल आणि एकूण चुका न मोजता फक्त आकडे उलटे झालेल्या चुका मोजेल. ४४, ५५ असे आकडे घेणार नाही, कारण ते उलटे झाले तरी कळत नाहीत. दुसऱ्या यादीपर्यंत लेकरू दमतं किंवा सरावतं, म्हणून निम्म्या लेकरांना आधी तेलुगू, निम्म्यांना आधी मराठी. एवढं सगळं जुळवल्यावर तिला एक गोष्ट आठवेल, जी बाहेरच्या माणसाच्या ध्यानातच येणार नाही. मराठी शाळेत शिकणाऱ्या काही लेकरांना तेलुगूतले मोठे आकडे येतच नसतील! बोलणं तेलुगूत, पण मोजणं मराठीत. म्हणजे आधी तेच तोंडी तपासायला हवं.

मग येतं संख्याशास्त्र. मराठीत सहा चुका आणि तेलुगूत चार, हा फरक खरा की योगायोगाचा? 'गणित नको म्हणून आर्ट्स' असं ठरवून आलेली मुलं इथं हमखास अडखळतात. पालकांनो, हे आधीच सांगा. संशोधनाच्या वर्षात आकड्यांपासून सुटका नाही.

असं काम मराठीत पूर्वी झालेलं आहे. पॅरिसमध्ये बिने आणि सिमॉन यांनी १९०५ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी केली. व्ही. व्ही. कामत यांनी नुसतं भाषांतर न करता मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर तपासून ती आपल्यासाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. बिने-कामत चाचणी हे नाव विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत तुम्ही पाहिलंही असेल. पुण्यात मानसशास्त्राचेच अभ्यासक असलेल्या डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तिथंही चाचण्या तयार करण्याचं काम झालं. पण १९३० च्या दशकातल्या लेकरांवरून ठरवलेल्या पट्टीनं आजचं लेकरू मोजायचं का? एखाद्या लेकराला 'मंद' ठरवणारा कागद त्या पट्टीवर अवलंबून असतो. नवीन पट्ट्या कुणीतरी बनवाव्या लागतील, आणि त्या आपल्या बोलीतल्या, आपल्या गावातल्या लेकरांवर तपासाव्या लागतील.

तेव्हा प्रवेश घेताना महाविद्यालयात जाऊन काही गोष्टी विचाराच. मानसशास्त्राची प्रयोगशाळा आहे का? असेल तर उघडून दाखवा म्हणा. कपाटात आरसा-चित्राचं उपकरण धूळ खात असेल तर त्यावरूनच बरंच कळतं. पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायमस्वरूपी प्राध्यापक किती? चौथं वर्ष याच महाविद्यालयात होणार का, की दुसरीकडं जावं लागेल? संख्याशास्त्र कोण शिकवतं? या प्रश्नांना गोलमाल उत्तरं मिळाली तर तीन वर्षांची पदवी इथं घेऊन पुढचं दुसरीकडं करणं परवडेल.

आणि शिक्षक मित्रांनो, उद्या अशी एखादी मुलगी प्रश्नावली घेऊन तुमच्या शाळेत आली तर तिला पोषण आहाराची वेळ झाली म्हणून परत पाठवू नका. मात्र मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आहे का ते बघा. लेकरू नको म्हणालं तर त्याला बसवून घेऊ नका. कागदावर नावाऐवजी क्रमांक लिहायला सांगा. कोणतं लेकरू 'कच्चं' निघालं हे तिनं गावात कुणाला सांगायचं नाही, आपणही विचारायचं नाही. आणि निष्कर्ष काय निघाला ते शाळेला कधी कळवणार, ती तारीख तिच्याकडून लिहून घ्या.