उपाहारगृहातील वाइनच्या यादीचे परीक्षण

मोठ्या शहरातील उपाहारगृहात खाद्यपदार्थांची यादी गिऱ्हाईक निःसंकोचपणे वाचते. वाइनची यादी मात्र बहुधा मिटून ठेवली जाते, अथवा तीतील मधल्या किमतीच्या नावावर बोट ठेवले जाते. आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती यामागे असते. वस्तुतः वाइनची चव पारखणे ही सरावाने साधणारी गोष्ट असली, तरी यादीची पारख साध्या विवेकाने करता येते. बंगळुरू हे त्याचे सोयीचे उदाहरण होय. कारण तेथे परदेशी बाटली आणि शहराजवळच्या मळ्यातील बाटली एकाच पानावर छापलेली आढळते.

या परिसरात ‘बंगलोर ब्ल्यू’ हे काळे द्राक्ष दीर्घकाळ पिकत आले आहे. खाण्यासाठी, रसासाठी व गोड वाइनसाठी ते उपयोगी पडते. जेवणासोबत घ्यावयाच्या कोरड्या वाइनला मात्र निराळे वाण लागतात. कंवल ग्रोव्हर यांनी जॉर्ज व्हेसेल या फ्रेंच तज्ज्ञाच्या साहाय्याने नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी अशा वाणांची लागवड केली आणि १९८८ साली कंपनी स्थापन केली. येथील उष्ण हवामानात द्राक्षवेल युरोपातल्याप्रमाणे हिवाळी विश्रांती घेत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून तिला वळण लावावे लागते. पुढे २००७ साली कर्नाटक शासनाने वाइनविषयक धोरण जाहीर केले. या साऱ्या खटाटोपाचे चीज होते की नाही, हे अखेर उपाहारगृहाच्या यादीवर ठरते.

पहिली कसोटी माहितीची. प्रत्येक नोंदीत उत्पादक, प्रदेश, द्राक्षाचा वाण, हंगामाचे वर्ष आणि पेल्याचे माप असावे. ‘तांबडी वाइन, भारतीय’ एवढ्याने काहीच कळत नाही. वर्षाचे महत्त्व विशेष आहे. बहुतेक साध्या पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच पिण्याजोग्या असतात; त्यांचे वर्ष गाळलेले असेल, तर ते अवश्य विचारावे.

दुसरी कसोटी वैविध्याची. तीस नावांपैकी वीस एकाच वळणाच्या जड तांबड्या वाइनची असतील, तर ती यादी लांब असूनही अपुरीच समजावी. फेसाळ, हलकी पांढरी, किंचित गोड, गुलाबी, सौम्य तांबडी व भरदार तांबडी असे प्रकार बारा नावांतही सामावतात.

तिसरी कसोटी पानातील अन्नाशी असलेल्या मेळाची. तिखटामुळे वाइनमधील मद्यार्काचा दाह व तांबड्या वाइनचा तुरटपणा अधिक जाणवतो. किंचित गोडव्याने तो निवतो. आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते. यावरून कोडगूची आंबटसर पंदी करी किंवा मंगळूरकडचे मासळीचे तिखट कालवण वाढणाऱ्या घरी केवळ जड तांबड्या वाइन असणे, हे यादी स्वयंपाकघराला न विचारता केल्याचे लक्षण आहे.

चौथी कसोटी किमतीची. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. समजा, बाटली ३,००० रुपयांना आणि पेला ९०० रुपयांना आहे. पाच पेल्यांचे ४,५०० रुपये होतात. उघडलेली बाटली वाया जाण्याचा धोका धरून पेला थोडा महाग असणे रास्त आहे. दीडपट दर मात्र जाचक म्हणावा लागेल. परदेशी बाटलीच्या किमतीत आयात शुल्काचा भागही असतो. म्हणून अधिक किंमत म्हणजे अधिक गुण, हे समीकरण धरू नये.

पाचवी कसोटी निगेची. बाटली केव्हा उघडली, हे विचारण्यात अशिष्टता नाही. उघडलेली वाइन दोन-तीन दिवसांत उतरू लागते. तांबडी वाइन सुमारे १५ ते १८ अंश सेल्सियसला द्यावी असा संकेत आहे. बंगळुरूची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध असली, तरी एप्रिलमधील दुपारी उघड्या फळीवर ठेवलेली बाटली त्याहून बरीच तापते.

शेवटी स्थानिक वाइन यादीत कोठे बसवली आहे, तेही पाहावे. नंदी, हम्पी वा नाशिक येथील वाइन त्या त्या प्रदेशाच्या नावाने, वाण व वर्ष यांसह नोंदलेल्या असतील, तर गिऱ्हाइकाला त्यांची परदेशी वाइनशी तुलना करता येते. त्या ‘भारतीय’ या एकाच मथळ्याखाली तळाशी लोटल्या असतील, तर ती संधी नाहीशी होते. आणि चांगले पीक घेणारा बागाईतदार व सुमार पीक घेणारा बागाईतदार यांतील भेदही गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही.