पुस्तकांची फळी का वाकते?

सातारा जिल्ह्यातील भिलार 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. सुमारे 15,000 पुस्तके 25 ठिकाणी, त्यांतली पुष्कळशी गावकऱ्यांच्या घरांतच, मांडली गेली. तुमच्या घरीही पुस्तके वाढली की नवी फळी ठोकावी लागते. ती किती लांब असावी?

मीटरभर पुस्तके काट्यावर ठेवून पाहा. सहज 25 किलोग्रॅम भरतील. दोन टोकांवर टेकलेली फळी अशा सारख्या पसरलेल्या भाराने मध्यभागी झुकते आणि हा झोक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, तर झोक सोळापट! उलट फळीची जाडी दुप्पट केली, तर तो एक-अष्टमांशच उरतो. पण जाड लाकूड महाग. त्यापेक्षा मधोमध एक ठेपा द्या. झोक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होईल. आपले सुतार हे सूत्र न शिकताच पाळतात.

जड ग्रंथ तळाशी ठेवले की गुरुत्वमध्य खाली येतो व कपाट सहसा कलंडत नाही. मात्र सांगलीत ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरांत शिरले, ते आधी तळाच्याच कप्प्यात! नदीकाठच्या घरात ग्रंथ वर ठेवावेत आणि कपाट भिंतीला पक्के जखडावे.

आता घरच्या फळीच्या दोन्ही टोकांमध्ये दोरा ताणून धरा, मधले अंतर मोजा. ठेपा देऊन पुन्हा मोजा.