बांदाला जातेस, तर छोट्या बोटीनंच जा

अगं बयो, समुद्रावर जायचं पक्कं केलंयस, छानच झालं. फक्त एक ऐक माझं. हजारो माणसं घेऊन निघणाऱ्या त्या अवाढव्य जहाजाचं तिकीट काढू नकोस. तसल्या जहाजाला मोठं बंदर लागतं, आणि लहान गावात एवढी माणसं एकदम उतरली की गाव गाव राहत नाही. त्यापेक्षा इंडोनेशियात आंबोनहून बांदा बेटांकडे जाणारी लाकडी पिनिसी बोट बघ. मोजके प्रवासी, रात्री प्रवास, दिवसा बेट. या बोटी दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्यावर बांधतात. तिथले सुतार आधी बाहेरच्या फळ्या जोडतात आणि सांगाडा मागून बसवतात. 2017 साली युनेस्कोनं या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बांदाच का, सांगते. श्रीखंडात किसून घालतो ना आपण, ते जायफळ शेकडो वर्षं साऱ्या जगाला फक्त या चिमुकल्या बेटांनी पुरवलं. आता आपल्या कोकणातल्या पोफळीच्या बागांतही ते होतं, पण त्याचं मूळ घर हे. आणि त्याची किंमत इथल्या माणसांनी मोजली. 1621 मध्ये डच कंपनीचा यान पीटरझोन कून फौज घेऊन आला. बेटांवर पंधराएक हजार लोक होते असं मानतात. त्यातले जेमतेम हजार उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले नाहीतर गुलाम म्हणून नेले गेले. बागा राबवायला मग बाहेरून गुलाम आणले. बांदा नैराच्या बेल्जिका किल्ल्यावर फोटो काढशीलच, काढ. पण हे माहीत असू दे, म्हणजे तिथं उभं राहताना तुझं तुलाच थांबावंसं वाटेल.

त्याच गावात मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर यांना डचांनी 1936 पासून 1942 पर्यंत हद्दपार करून ठेवलं होतं. दोघं तिथल्या मुलांना शिकवायचे. पुढे एक देशाचा पहिला उपराष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा पहिला पंतप्रधान. हत्तांचं घर बघितल्याशिवाय येऊ नकोस.

बागेत मात्र सकाळीच जा. उंच कनारीच्या झाडांच्या सावलीत जायफळाची झाडं असतात आणि लांब बांबूच्या टोकाला छोटी टोपली बांधून फळं काढतात. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री. फळाच्या गराचा मुरंबाही करतात तिथं. घरी करणाऱ्या बायकांकडूनच घे, आणि सुटे रुपिया जवळ ठेव, कार्डाच्या भरवशावर राहू नकोस. वस्ती बहुतेक मुसलमान आहे, तेव्हा गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असू देत.

पोहता येतं ना तुला? मग गुनुंग आपी ज्वालामुखीजवळ नक्की उतर. 1988 च्या उद्रेकात तप्त लाव्हा समुद्रात गेला, तिथलं प्रवाळ जळालं, आणि त्याच काळ्या दगडावर काही वर्षांतच टेबलासारखं पसरट प्रवाळ असं फोफावलं की शास्त्रज्ञही चकित झाले. त्यावर पाय ठेवू नकोस गं, हातही लावू नकोस. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा अंगरखा घाल.

जायचं ते मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधल्या पावसाळी वाऱ्यांत बांदा समुद्र खवळतो आणि लहान बोट फार हलते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घे, आणि बोट लागायच्या आधी घे. शाकाहारी जेवण हवं, हे बुकिंग करतानाच लिहून दे.

आणि पैसे भरण्याआधी मार्गात रुण बेट आहे का, ते विचार. 1667 च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी या एवढ्याशा बेटावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडेच राहिलं. मार्गात रुण नसलं, तर दुसरी बोट शोधू आपण.