समुद्राचा मासा आणि नांदेडचा मे महिना

नांदेडला माझ्या काकांच्या हॉलमध्ये चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मागच्या मे महिन्यात काका गावाला गेले आणि ती माझ्यावर सोपवली. बाहेर 42 अंश! माशांना 25-26 लागतं, म्हणून पाण्यावर पंखा लावला. पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळेच, पण थर्मो पास होऊनही हे डोक्यात आलं नाही. पातळी उतरली की मी मीठ कालवलेलं पाणी ओतायचो.

आता हिशोब बघा. लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे टाकीत 14 किलो मीठ. 40 लिटर पाणी उडतं, मीठ आतच राहतं. मी दोनदा 40-40 लिटर खारं पाणी ओतलं, म्हणजे 2.8 किलो मीठ वाढलं. लिटरला झाले 42 ग्रॅम! काकांचा ऑरिगा बटरफ्लाय आधी खाईना, मग धापा टाकायला लागला, तिसऱ्या दिवशी मेला. काका एवढंच म्हणाले, "हायड्रोमीटर बघितला होतास का रे?"

भर घालायची ती आरओच्या गोड पाण्याने, रोज थोडी थोडी. बोअरचं जड पाणी नको. मासा घेताना दुकानात आपल्यासमोर खातो का ते बघा. बटरफ्लायच्या काही जाती प्रवाळावरच जगतात, त्या घरी उपाशी मरतात. ऑरिगा त्यामानाने बरा.

लातूरला आमच्या घरी टाकी ठेवू का, असं आईला विचारलं. "2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, विसरलास?" आरओ एका लिटरमागे बरंच पाणी वाया घालवतो, हे तिला माहीत आहे. विषय तिथेच थांबला.