पट्टेरी बोटी

गवतात बसलेला लावा पक्षी चटकन दिसत नाही. गवतासारखाच त्याचा रंग. अगदी पायाशी गेलो की भुर्रकन उडतो, तेव्हा कळते. रानातल्या जीवांना लपण्याची ही युक्ती जन्मापासून मिळते. माणसाने ती लढाईसाठी उचलली. शिपायाचे कपडे मातीच्या रंगाचे केले. खाकी हा शब्दच 'खाक' म्हणजे धूळ, यावरून आला.

शिपाई लपला. पण भर समुद्रात चाललेली आगबोट कशी लपवायची? हा प्रश्न एका चित्रकाराने सोडवला. त्यांची ही हकीकत.

त्यांचे नाव नॉर्मन विल्किन्सन. जन्म १८७८ साली, इंग्लंडात केंब्रिज येथे. समुद्राची आणि बोटींची चित्रे काढणे हा त्यांचा पेशा. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. पुढे विल्किन्सन आरमारात दाखल झाले.

जर्मनीच्या पाणबुड्या तेव्हा इंग्रजांच्या बोटी बुडवीत होत्या. एप्रिल १९१७ या एका महिन्यात जगभरच्या मिळून आठ लाख टनांहून जास्त क्षमतेच्या बोटी बुडाल्या. बोटीबरोबर धान्य बुडे, माणसेही बुडत. इंग्रजांच्या बोटींवर आपल्या कोकणातले खलाशीही राबत होते. त्या युद्धात समुद्रात प्राण गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक मुंबईत आहे.

त्या दिवसांत विल्किन्सन सुटी संपवून आगगाडीने कामावर परतत होते. डब्यात मन विचार करीत होते. समुद्राचा रंग घटकेत बदलतो. आभाळाचाही बदलतो. वर बोटीचा धूर दिसतोच. म्हणजे बोट लपणार नाही. बरे, लपत नाही तर नाही. शत्रूला फसवता तरी येईल ना?

कसे फसवायचे? तुम्ही गोफण चालवली असेल. पळत्या डुकराला गोफणीने मारायचे तर धोंडा त्याच्या अंगावर टाकून चालत नाही. तो पोचेपर्यंत डुक्कर पुढे गेलेले असते. म्हणून धोंडा पुढे टाकावा लागतो. डुक्कर कुठे चालले आणि किती वेगाने, हे आधी ओळखावे लागते. पाणबुडीचेही तसेच. ती पाण्याखालून पाणतीर सोडते. पाण्याबाहेर काढलेल्या एका उभ्या नळीतून तिचा कप्तान क्षणभर बोट बघतो. बोटीचे तोंड कुठे आणि वेग किती, याचा अंदाज बांधतो. हा अंदाज चुकला की पाणतीर चुकला!

विल्किन्सन म्हणाले, कप्तानाचा हा अंदाजच चुकवू. बोटीवर काळे, पांढरे, निळे असे मोठमोठे तिरपे पट्टे रंगवा. मग नाळ कुठली नि पिछाडी कुठली, हे पटकन उमगणार नाही. या रंगकामाला 'डॅझल' म्हणत. डॅझल म्हणजे डोळे दिपवणे.

आरमाराने ही सूचना मानली. लंडनच्या एका मोठ्या कलासंस्थेत कारखाना निघाला. चित्रकला शिकलेल्या तरुण मुली तिथे कामाला आल्या. लाकडाची छोटी बोट करायची. तिच्यावर पट्टे रंगवायचे. ती फिरत्या पाटावर ठेवायची आणि पाणबुडीच्या नळीतून बघायची. डोळा फसला तर नमुना पसंत. मग त्याचा रंगीत नकाशा बंदरावर जाई आणि रंगारी बोट रंगवीत. बोटीच्या दोन्ही बाजूंचे पट्टेसुद्धा वेगळे असत. अशा दोन हजारांहून जास्त बोटी रंगल्या.

एकदा राजे पाचवे जॉर्ज कारखाना बघायला आले. ते स्वतः आरमारात मुरलेले. त्यांना एक छोटी बोट दाखवून विचारले, "हिचे तोंड कुठे?" राजे म्हणाले, "दक्षिणेकडे." खरे तोंड होते पूर्वेला, जरा आग्नेयेकडे! विल्किन्सन यांनीच ही आठवण पुढे सांगितली.

या पट्ट्यांनी किती बोटी वाचल्या? आरमाराने चौकशी केली, पण पक्का पुरावा मिळाला नाही. कारण त्याच वर्षी बोटी तांड्याने, पहाऱ्यात नेऊ लागले होते. वाचल्या त्या पट्ट्यांमुळे की पहाऱ्यामुळे, कसे सांगणार? पण एक गोष्ट दिसून आली. रंगवलेल्या बोटींवरच्या खलाशांना धीर आला. आपल्या जिवासाठी कोणी काही करते आहे, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होते.

युद्धानंतर सरकारने विल्किन्सन यांना बक्षीस दिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानतळ लपवण्याचे काम केले. १९७१ साली ते वारले.

त्यांच्या हाती बंदूक नव्हती, कुंचला होता. आपल्या हातातल्या कसबाचा उपयोग कुठे होईल, हे त्यांनी नीट पाहिले. आपल्याही हाती काही ना काही कसब असतेच. वेळ येईल तेव्हा ते आठवले पाहिजे.

प्रश्न
१. बोट लपवता येणार नाही, असे विल्किन्सन यांना का वाटले?
२. गोफण आणि पाणतीर यांत सारखे काय आहे?
३. पट्ट्यांमुळेच बोटी वाचल्या, असे खात्रीने का सांगता येत नाही?
४. तुमच्या रानात रंगामुळे लपणारे कोणते जीव आहेत? त्यांची नावे पाटीवर लिहा.